मिक्सर किती वर्षं टिकायला हवा? दुरुस्तीच्या टेबलामागून एक उत्तर

प्रश्न : माझ्या लग्नात, १९९८ साली, आलेला मिक्सर २३ वर्षं चालला. २०२१ मध्ये घेतलेला नवा साडेतीन वर्षांत बंद पडला. दुरुस्तीवाल्याने १,४०० रुपये सांगितले आणि वर 'यापेक्षा नवाच घ्या' म्हणाला. त्याआधी सहा वर्षांच्या वॉशिंग मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला होता, त्याचे साडेपाच हजार झाले. पूर्वीच्या वस्तू खरंच जास्त टिकायच्या का? कंपन्या हे मुद्दाम करतात का? आणि कोणत्या वस्तूकडून किती वर्षांची अपेक्षा ठेवणं रास्त आहे? जुना मिक्सर अजून माळ्यावर आहे, टाकवत नाही.

उत्तर :

ताई, मी आयटीआय करून सोलापुरात एका उस्तादांच्या हाताखाली लागलो, मग स्वतःचं दुकान टाकलं. मिक्सर, पंखा, गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज असं सगळं मिळून ३२ वर्षं झाली. तुमचा प्रश्न माझ्या काउंटरवर आठवड्यातून दोनदा तरी येतो. आणि दर वेळी तो वस्तू बंद पडल्यावरच येतो. आजवर एकही गिऱ्हाईक नवी वस्तू घ्यायच्या आधी येऊन 'हिचे पार्ट किती वर्षं मिळतील?' असं विचारून गेलेलं नाही. घेताना आपण जार किती, वॅट किती, रंग कोणता, पाडव्याला एक्स्चेंजमध्ये किती सुटतात एवढं बघतो.

आधी तुमच्या २३ वर्षांबद्दल. रागावू नका, पण त्या २३ वर्षांत तो मिक्सर किती वेळा दुरुस्तीला गेला, हे घरातल्या कोणाला तरी विचारून बघा. आमच्याकडे एक आजी येत. त्यांचा मिक्सर '३० वर्षांत एकदाही बिघडला नाही' असं त्या शेजारणीला माझ्यासमोर सांगत होत्या. मी गालातल्या गालात हसत होतो. त्या मिक्सरचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) मी स्वतः तीनदा बदलले होते, एकदा जारचं बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ते), एकदा खालचा स्विच, आणि कपलर (मोटर आणि जार यांना जोडणारा तुकडा) तर किती वेळा ते आठवतही नाही. आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या हिशेबात ते बिघडणं नव्हतंच. कुकरची शिट्टी नीट होईना की आपण रिंग बदलतो आणि म्हणतो, कुकर २० वर्षं झाले चालतोय. रिंग गेली म्हणजे कुकर गेला असं कोणी म्हणत नाही. आजींनी मिक्सरलाही तोच न्याय लावला होता.

हा न्याय त्यांच्या पिढीला घरातूनच मिळाला होता. पितळेच्या पातेल्याला कल्हई करून घ्यावी लागे, नाहीतर ताक-आमटी कळकायची. जातं-पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावणारी माणसं दारावरून हाक देत जायची. दगडसुद्धा देखभालीशिवाय चालत नव्हता, ताई! स्टोव्हचा वायसर, पिन, कंदिलाची वात, सायकलचं पंक्चर... वस्तू म्हणजे काही न झिजणारे आणि काही झिजणारे भाग एकत्र, आणि झिजणारे बदलत राहायचे, ही समज होती. आज साडेतीनशे रुपयांचं काम निघालं तरी गिऱ्हाईक म्हणतं, "चार वर्षांत बिघडला, फालतू माल." मिक्सर तोच, पण मोजायची पट्टी बदलली आहे.

आणखी एक गोष्ट. तुमचा १९९८ चा मिक्सर टिकला म्हणून तो तुम्हाला दिसतो. त्याच साली घेतलेले बाकीचे कितीतरी २००३-०४ मध्येच भंगारवाल्याच्या गाडीवर गेले. ते कोणाच्या माळ्यावर नाहीत, म्हणून त्यांची आठवण कोणी काढत नाही. त्या काळातले हलके मिक्सरही मी भरपूर पाहिले आहेत, पहिल्याच डाळीच्या घाण्याला धूर काढणारे.

इतकं सांगितल्यावर मी कंपन्यांची बाजू घेतोय असं वाटेल. तसं नाही. माझ्या टेबलावर बदल दिसतो आणि तो खरा आहे. मिक्सर, फ्रिज आणि मशीन यांत तो वेगवेगळ्या तऱ्हेने आला.

मिक्सरपासून सांगतो. आपल्या मिक्सरची जन्मकथाच मुळी टिकण्याच्या प्रश्नातून निघाली आहे. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरच्या घरचा जर्मन मिक्सर बिघडला. युरोपातला तो मिक्सर तिकडच्या कामासाठी होता. आपलं भिजवलेलं डाळ-तांदूळ, ओलं खोबरं, सुकी मिरची, हळकुंड हे त्याच्या बापजन्मी त्याने पाहिलेलं नव्हतं. माथुरांनी आपल्या स्वयंपाकघराला पुरेल अशी मोटर आणि जार बनवले, तो 'सुमीत' मिक्सर. मी कामाला लागलो तेव्हा बहुतेक घरांत तो किंवा त्याच्या धर्तीवरचे मिक्सर असत. साधारण ५०० ते ६०० वॅट, आत तांब्याच्या तारेचं घसघशीत वायंडिंग, आणि चार स्क्रू काढले की सगळं समोर. उस्ताद म्हणायचे, "मिक्सर हातात घेतला की मनगटाला कळलं पाहिजे."

आज वॅट वाढलेत, ७५० आणि १,००० सुद्धा, आणि वजन बऱ्याचदा घटलंय. स्वस्तातल्या मोटरमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. ॲल्युमिनियम वाईट नाही, पण तेवढाच करंट न्यायला त्याची तार जाड लागते, आणि मोटरमध्ये जागा तेवढीच. शिवाय जोड नीट झाला नाही तर तिथे गरम होऊन जळतं, आणि ते परत जोडणं तांब्याइतकं सोपं नाही. मोठा वॅट बघून बाई निर्धास्त होतात आणि जार काठोकाठ भरतात. खाली लेबलवर '३० मिनिटं' किंवा '५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते किती जणांनी वाचलंय? ही मोटर थांबत-थांबत चालण्यासाठीच केलेली असते. आमच्या सोलापुरात शेंगाचटणीचा घरगुती धंदा करणाऱ्या बऱ्याच आहेत. उखळात कुटायची ती चटणी मिक्सरमध्ये एका दमात दहा किलो काढायची म्हटलं तर चांगल्या कंपनीचं आर्मेचरही (मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग) वर्षभरात जळतं. मग मिक्सर 'टिकला नाही' म्हणायचं की त्याचं आयुष्य वर्षात वापरून संपवलं म्हणायचं? मी मोटरचं वय तासांत मोजतो, गिऱ्हाईक बिलावरच्या तारखेपासून मोजतं. आमचं भांडण बहुतेक वेळा एवढंच असतं.

फ्रिजमधला बदल जास्त गंभीर आहे, आणि तो दिसत नाही. जुन्या फ्रिजच्या पाठीमागे काळी जाळी असायची, कंडेन्सरची. गॅस गळाला तर गळती शोधायची, पितळी झाळ मारायची, गॅस भरायचा. आता पाठ गुळगुळीत, देखणी. नळी आत पफमध्ये, म्हणजे थंडी धरून ठेवणाऱ्या घट्ट फेसात, गाडलेली असते, आणि कित्येकदा ती लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची. त्या पफच्या आत गळती निघाली तर सरळ दुरुस्ती नाही. काही जण बाहेरून नवी जाळी लावून जुनी नळी बाद करतात, मीही केलंय, चालतं, पण फ्रिजचं रूप जातं आणि गिऱ्हाईकाला जुगाड वाटतो. त्यातच गॅस बदलत गेला. ओझोनच्या करारामुळे आर-१२ भारतात २०१० पासून बंद झाला, आर-१३४ए आला, आता बहुतेक नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. तो ज्वालाग्राही आहे. जुन्या सवयीने झाळ मारायला जाणाऱ्या कारागिराच्या तोंडावर भडका उडाल्याची उदाहरणं आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. म्हणजे वस्तू बदलली आणि कारागीर मागे राहिला, हेही आयुष्य घटण्याचं कारण आहे. त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमचेच लोक तर मुळीच नाहीत.

फ्रिजवरचं '१० वर्षं वॉरंटी' हे स्टिकर मात्र नीट वाचा. ती दहा वर्षं फक्त कॉम्प्रेसरला असतात. फ्रिजमधला सगळ्यात कमी बिघडणारा भाग तोच! गॅस, मजुरी, ने-आण, इन्व्हर्टर मॉडेलमधला बोर्ड हे बहुतेक वेळा त्यात येत नाही. आठव्या वर्षी माणूस कार्ड घेऊन येतो, कॉम्प्रेसर फुकट मिळतो आणि बाकीचं बिल चार-साडेचार हजार होतं. त्याला फसवल्यासारखं वाटतं. कागदावर कुठेच खोटं नसतं, पण घेताना त्याच्या मनात 'हा फ्रिज दहा वर्षं' असं बसलेलं असतं, आणि ते बसावं अशाच आकाराचं ते स्टिकर असतं.

वॉशिंग मशीनचं दुखणं वेगळं. माझ्या हाताखाली येणाऱ्या मशीनमध्ये तीन गोष्टी जातात: ऑईल सील-बेअरिंग, पाणी सोडणारे व्हॉल्व्ह, आणि बोर्ड. सील गेलं की पाणी बेअरिंगवर उतरतं आणि मशीन स्पिनला विमानासारखं गर्जतं. पूर्वी टब दोन भागांत, बोल्टने जोडलेला. उघडायचा, बेअरिंग बदलायचं, परत बसवायचं. आता कित्येक फ्रंटलोडमध्ये तो टब चिकटवून, वितळवून एकजीव केलेला असतो. काहीशे रुपयांच्या बेअरिंगसाठी पूर्ण टब-ड्रम घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं. मी काही टब करवतीने कापून, आतलं काम करून, सिलिकॉन आणि स्क्रू लावून परत जोडलेत. दोन चालले, एक गळला. त्या गळलेल्याचे पैसे मी परत दिले, आणि तेव्हापासून असं काम लेखी सांगूनच घेतो.

बोर्डाचं म्हणाल तर तुमचे साडेपाच हजार मला आश्चर्याचे वाटले नाहीत. बोर्डावर जळालेला असतो बहुधा एखादा रिले, ट्रायॅक किंवा सप्लायचा छोटा आयसी. किंमत दहा ते शंभर रुपये. पण कंपनीचा माणूस पूर्ण बोर्डच बदलतो, कारण त्याला तेवढंच शिकवलेलं असतं आणि तेवढाच वेळ दिलेला असतो. बाहेर बोर्ड दुरुस्त करणारे आहेत, पुण्यात तर भरपूर. पण कित्येक बोर्डांवर ओलाव्यापासून बचाव म्हणून रबरासारखा थर ओतलेला असतो. तो थर मशीनला खरंच वाचवतो, आणि दुरुस्तीला अडवतोही. दोन्ही एकाच वेळी. आणि हो, पाल. आपल्याकडे उबदार बोर्डावर पाल येऊन बसते, दोन टोकांना चिकटते, आणि तिच्यासकट बोर्ड जातो. मुंग्याही तशाच. हे कोणत्या देशाच्या प्रयोगशाळेत तपासत असतील असं मला वाटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मुद्दाम करतात का?

एक प्रकरण पक्कं सिद्ध आहे. १९२४ च्या डिसेंबरात जिनिव्हात ऑसराम, फिलिप्स, जनरल इलेक्ट्रिकशी संबंधित कंपन्या अशा जगातल्या बड्या बल्बवाल्यांनी 'फीबस' नावाचा संघ केला आणि साध्या बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं. आधी तो दीड-दोन हजार तास चालायचा. ज्याचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकेल त्याला दंड होता. पण पुढचंही ऐका, कारण ते सहसा सांगितलं जात नाही. तारेचा बल्ब जास्त टिकवायचा तर तार कमी तापवावी लागते, मग उजेड पिवळा-मंद पडतो आणि तेवढ्याच उजेडाला वीज जास्त जाते. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब जळतोय, लोक त्याचे फोटो पाठवतात. तो आज जेमतेम चार वॅटचा मिणमिणता उजेड देतो. त्याखाली पेपर वाचून दाखवा.

आजच्या मिक्सर-मशीनमध्ये मात्र वॉरंटी संपताच बंद पाडणारी कळ असते, असं मला ३२ वर्षांत दिसलेलं नाही. दिसतं ते असं: दुकानात पाचशे रुपयांनी कमी किंमत दिसावी म्हणून आतल्या प्रत्येक भागातून थोडं-थोडं काढलेलं असतं. तार एका नंबरने बारीक, बुश आखूड, गिअर नायलॉनचा, प्लास्टिक पातळ. मग एकेक भाग कसाबसा पुरतो. आणि ही पाचशेची सूट आपणच मागितली आहे. १९९० च्या दशकात दोन-अडीच हजारांचा मिक्सर घेताना मध्यमवर्गीय घरात महिना-दोन महिने चर्चा चाले. आजही अडीच-तीन हजारांत मिक्सर मिळतो, मधल्या काळात पगार आणि मजुरी कुठल्या कुठे गेली. किंमत थांबली, पण कारागिराच्या पोटाचा खर्च थांबला नाही. म्हणून दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यावर जाऊन बसतो, आणि 'नवाच घ्या' हे वाक्य येतं. मीही ते म्हणतो. मिक्सरचं आर्मेचर बदलून सहा महिन्यांत स्विच गेला तर गिऱ्हाईक शिवी मलाच घालतं, म्हणून जीर्ण मिक्सरला हात लावायला मलाही नको वाटतो.

आणि लोक बिघडल्याशिवायही बदलतात. जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने याचा अभ्यास करून घेतला होता. घरातली मोठी उपकरणं पहिल्या मालकाकडे सरासरी किती वर्षं राहतात, हा आकडा २००४ मध्ये १४.१ वर्षं होता, २०१२ मध्ये १३. म्हणजे वर्षभराने घटला, आभाळ कोसळलं नाही. पण पाच वर्षांच्या आत बिघाडामुळे बदलाव्या लागलेल्यांचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे तुमची तक्रार काल्पनिक नाही. आणि त्याच अभ्यासात, बदललेल्या मोठ्या उपकरणांपैकी साधारण एक तृतीयांश चालू स्थितीतच होती. आमच्याकडे दसरा-दिवाळीत एक्स्चेंजला जाणारे फ्रिज बघा, चालत्या फ्रिजला दोन हजार घेऊन निरोप देतात. त्यातले कितीतरी पुढे खेड्यात दहा वर्षं थंड करतात. त्यांचं आयुष्य किती धरायचं?

तिसरा प्रश्न, किती वर्षांची अपेक्षा ठेवावी. हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, पुस्तकातले नाहीत. छताचा साधा पंखा २० ते २५ वर्षं. मधे दोन-तीनदा कंडेन्सर (फ्रिजचा नव्हे, छोटा कपॅसिटर; पंखा हळू फिरू लागला की तोच) आणि एकदा बेअरिंग बदलून. नवे बीएलडीसी पंखे वीज फार वाचवतात, जुन्याच्या ७५ वॅटच्या जागी तीसेक वॅट, पण त्यांच्या पोटात बोर्ड आहे. बोर्ड दहा वर्षांनी मिळेल का, हे विचारून घ्या. मिक्सर घरगुती वापराला ८ ते १०. फ्रिज १२ ते १५. केंद्राच्या ई-कचऱ्याच्या नियमांत मात्र फ्रिज आणि एसीचं सरासरी आयुष्य १० वर्षं धरलेलं आहे. टॉपलोड मशीन ८-१०, फ्रंटलोड सांभाळली तर तेवढीच किंवा थोडी जास्त. एलईडी बल्बच्या खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असलं तरी आतला दिवा सहसा जात नाही, त्याला वीज देणाऱ्या सर्किटमधला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. बंद काचेच्या गोळ्यात लावला तर आणखी लवकर.

गीझरवर मात्र जरा थांबतो, कारण 'टिकत नाही' ही ओरड सगळ्यात जास्त त्याची आणि इलाज सगळ्यात सोपा. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. पाण्यातला गंज टाकीला खायच्या आधी तिला खातो, तेवढ्यासाठीच ती असते. संपली की गंज टाकीकडे वळतो. सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात ती दीड-दोन वर्षांत संपते. काहीशे रुपयांची कांडी. मी गीझर उघडतो तेव्हा बहुतेक ठिकाणी कांडीच्या जागी नुसती तार उरलेली असते, आणि एलिमेंटवर चुन्याचा एवढा थर की हातोडीने फोडावा लागतो. मालकाला कांडी असते हेच ठाऊक नसतं. बसवायला आलेल्या माणसाने सांगितलेलं नसतं. हाच गीझर कोयनेच्या पाण्यावर चालणाऱ्या माझ्या मेहुण्याकडे कऱ्हाडला १४ वर्षं झाला तरी शाबूत आहे. रत्नागिरीकडे पाणी मऊ, पण खाऱ्या हवेने मशीनचा पत्रा खालून सडतो. नागपूरकर त्यांच्या कूलरला दर उन्हाळ्याआधी नवा गवताचा पडदा आणि टाकीला रंग देतात, आणि तो पत्र्याचा कूलर पंधरा वर्षं ओढतात. म्हणून नुसतं 'किती वर्षं' याला अर्थ नाही, कुठल्या पाण्यावर, कुठल्या हवेत, कोणाच्या हातात, हे सोबत हवं.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे अमुक वस्तू अमुक वर्षं टिकलीच पाहिजे असा सर्वसाधारण नियम नाही. युरोपात २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग मॉडेल बाजारातून गेल्यावरही दहा वर्षं पुरवणं बंधनकारक आहे, फ्रिजचे सात वर्षं, त्याच्या दाराच्या रबराचे दहा. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून काही वस्तूंवर 'दुरुस्त होण्याचे गुण' दहापैकी छापावे लागतात; फ्रंटलोड मशीन आणि टीव्हीवर ते २०२५ पर्यंत होते, आता तिथे त्याऐवजी 'टिकाऊपणाचे गुण' असतात. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. काही कंपन्यांची माहिती तिथे मिळते, पण माझ्यासारख्याला त्यावरून अजून बोर्डाचा नकाशा मिळालेला नाही. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, मुदत मात्र दोन वर्षांची. बिल जपा. थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा.

नवी वस्तू घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारत जा, आणि त्याचं तोंड बघा: कार्बन-कपलर (किंवा बोर्ड) सुटा मिळतो का आणि कितीला, मशीनचा टब उघडतो का, गावात या कंपनीचं काम करणारा कोण आहे. तिसऱ्याचं उत्तर 'ॲपवर टाका' असं आलं तर माझ्या मते ती वस्तू चार हजारांनी स्वस्त असली तरी महाग आहे.

राहिला तुमचा बंद मिक्सर. १,४०० मान्य करण्याआधी तो उलटा करून खालचं लाल बटण दाबा. भार जास्त झाला की ते बाहेर येतं आणि मिक्सर मेल्यासारखा होतो. दाबल्यावर चालला तर काही खर्च नाही. नाही चालला तर जार न लावता चालू करून बघा. गुणगुण नाही, वास नाही, तर बहुधा कार्बन किंवा स्विच, दोन-तीनशेचं काम. जळका वास आणि ठिणग्या असतील तर आर्मेचर गेलंय, आणि मग तो दुरुस्तीवाला खोटं बोललेला नाही.

माळ्यावरचा जुना लगेच प्लगमध्ये घालू नका. इतक्या वर्षांत वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं असेल, आणि बुशमधलं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असेल. आधी प्लग न लावता वरचा कपलर हाताने फिरवा. मोकळा फिरला तर आशा आहे: वायर, कार्बन आणि दोन थेंब शिलाई मशीनचं तेल. फिरलाच नाही तर जोर करू नका, तसाच कारागिराकडे न्या. आणि जाताना चटणीचा जारही घेऊन जा. त्या मापाचा जार आता बाजारात सहज मिळत नाही, त्यामुळे जारचं पातं आणि बुश धड आहे का, हे आधी बघायला सांगा, मोटरचं नंतर.